डावीकडची जागा

माझ्या शेवटच्या नोकरीला नाव नव्हतं. शेजारणी विचारायच्या तेव्हा मी "स्वयंपाकाला जाते" एवढंच सांगायचे. ते खोटं नव्हतं. कुरुळीत हायवेच्या अलीकडे एक नवी बिल्डिंग आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी रोज सकाळी पाच जणांचा स्वयंपाक करत होते. पण स्वयंपाक बारापर्यंत उरकायचा. तो करता करता आणि त्यानंतर पाचपर्यंत जे करायचे त्याला जागा बघणं म्हणत. कोणत्या टेबलावर बसायचं आणि कोणाच्या शेजारी बसायचं, हे मी त्या पोरांना सांगायचे. टेबल लाकडाचं नव्हतं, मोबाइलवरचं होतं. खेळ पत्त्यांचा, पोकर नावाचा.

मी चौथी शिकले आहे. चारचौघांत बोलायला मला जमत नाही. दुकानात माझी पाळी गेली तरी मी गप्प उभी राहते. लिहिताना समोर कोणी नसतं म्हणून लिहिते. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, पण कधी कोणाच्या हाती पडलीच तर त्याला कळावं, म्हणून आधी काम काय होतं ते सांगते.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. पाच पानं सगळ्यांत मिळून मध्ये उघडी पडतात. पाळी आली की पैसे टाकायचे, वाढवायचे, नाहीतर पानं सोडून द्यायची. खेळ एवढाच. बाहेरच्याला वाटतं की चांगली पानं येतील तो जिंकेल. सतीश म्हणायचा, "पानं सगळ्यांना सारखीच येतात मावशी, आज तुमाला उद्या मला. शेजारी कोण बसलंय त्याच्यावर पोट चालतंय."

सतीश औशाकडचा. फ्लॅट त्याचा, मोबाइल आणि कॉम्प्युटर त्याचे, खेळायला लावलेले पैसेही त्याचेच. हाताखाली चार पोरं होती, नोकरीसारखी बसून खेळायची. त्याचा एक नियम होता, एका टेबलावर आपला एकच माणूस. दोघं बसून तिसऱ्याला लुटणं त्याला मान्य नव्हतं. पण टेबल मात्र निवडून घ्यायचं. जिथे पाचही जण पोटासाठी खेळणारे आहेत तिथे बसून काय मिळणार? जिथे एखादा विरंगुळ्याला आलेला, प्रत्येक डावात पैसे टाकणारा, ज्याला पानं सोडवतच नाहीत असा माणूस असेल तिथे बसायचं. अशा माणसाला ते पाहुणा म्हणत. "मावशी, पाहुणे आले का?" असं सतीश सकाळी विचारायचा, आणि नव्या माणसाला वाटायचं की खरंच कोणी जेवायला येणार आहे.

पाहुणा सापडला की त्याच्या डावीकडची जागा धरायची. पाळी डावीकडे फिरते. तुम्ही त्याच्या डावीकडे असाल तर तो नेहमी तुमच्या आधी बोलतो. त्याने काय केलं ते बघून तुम्ही ठरवता. उजवीकडे बसलात तर तुम्ही आंधळे आणि तो डोळस. अमोल नावाचा पोरगा होता, निघोज्याचा, घरी कांदा. त्याला हे शिकवावं लागलं नाही. तो म्हणाला, "व्हय, आमचा बाप चाकणच्या लिलावात हेच सांगायचा. आधी बोलतो त्याचं त्वांड दिसतं, मागनं बोलतो त्याला बाजार दिसतो."

मी यात कशी आले? त्याआधी नऊ वर्षं मी एका वर्कशॉपमध्ये माल तपासायला होते. पत्र्याचे छोटे वॉशर प्रेसमधून कापून यायचे, ते बघून वेगळे करायचे. चांगला हिरव्या ट्रेमध्ये, दुरुस्तीचा पिवळ्या, बाद झालेला लाल. लाल पेटीला कुलूप असायचं, त्यातला माल चुकूनही गाडीला लागू नये म्हणून. हजारात एक वाकडा वॉशर माझ्या डोळ्याला न शोधता दिसायचा. वर्कशॉप सुटलं तेव्हा स्वयंपाकाचं काम धरलं. पोरं खेळायची तेव्हा मी पोळ्या लाटता लाटता एका स्क्रीनकडे बघत असे. इंग्रजी नावं मला वाचता येत नव्हती, पण प्रत्येक खेळणाऱ्याचं एक चित्र असायचं. कोणी मोर, कोणी सिंह, कोणी बुलेट गाडी. एक दिवस मी न राहवून अमोलला म्हटलं, "त्या मोराच्या डावीकडची जागा सुटली." तो मोर तीन दिवस कोणतंच पान सोडत नव्हता. सतीशने ऐकलं. पोळी तव्यावर तशीच ठेवून त्याने मला खुर्चीत बसवलं.

मग मला एक जुना टॅब मिळाला. टेबलाच्या यादीत आकडे असतात. टेबलावर सरासरी किती पैसे पडतात, शंभरातले किती जण सुरुवातीलाच पैसे टाकून पानं बघतात. आकडे मला वर्कशॉपपासून कळत होते. दुसरा आकडा मोठा असेल तिथे पाहुणा नक्की. पण आकडा शिळा असतो, पाहुणा उठून गेलेला असतो, म्हणून टेबल स्वतः बघावं लागायचं. फ्रिजवर मी एक मोठा कागद चिकटवला. त्यावर चित्रं काढायची आणि शेजारी रंगाचा ठिपका. हिरवा म्हणजे जा, बसा. पिवळा म्हणजे कधी असा कधी तसा. लाल म्हणजे याच्या वाऱ्याला उभं राहू नका. चारशेच्या वर चित्रं झाली होती. सतीश पाहुण्यांना, म्हणजे खऱ्या पाहुण्यांना, फ्रिज दाखवून म्हणायचा, "बारावी सायन्सची पोरं ठेवली होती, त्यायला जमलं नाही."

मला तेव्हा बरं वाटायचं, हे लिहून ठेवते.

माणसं न बघता माणसं कळतात, हे तिथे शिकले. एकजण गणपतीचं चित्र लावायचा. तो संकष्टीला टेबलावर येऊन बसायचा पण एकही डाव खेळायचा नाही. रात्री चंद्रोदयाची वेळ झाली की सगळे पैसे एकदम टाकायचा, असं पोरं सांगायची. उपास त्याने पत्त्यांचाही धरला होता. संकष्टीला पोरं रात्रीपर्यंत त्याची जागा धरून थांबायची. एक बाई होती, बाई असावी असं मला वाटायचं, कारण ती डाव अर्धा टाकून उठायची आणि पाच मिनिटांनी परत यायची, जसं दूध उतू जाताना आपण उठतो. तिला मी हिरवा ठिपका दिला नाही. सतीशने विचारलं तेव्हा म्हटलं, "तिचं लक्ष नसतं, तिच्या खेळाचा भरवसा नाही." तो हसला. "लक्ष नसतं तर हिरवाच पाहिजे मावशी." मग मी हिरवा दिला.

ट्रॅक्टरचं चित्र लावणारा आला तो उन्हाळ्यात. रोज सकाळी दहाला यायचा, दहा मिनिटं बसायचा, जायचा. साडेबाराला अर्धा तास. तीनला परत दहा मिनिटं. या भागात राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागणार नाही. चहाची सुट्टी, जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी. कुठल्यातरी वर्कशॉपचा माणूस. पानं सोडायचा नाही, कोणी पैसे वाढवले की भिडायचा. मी हिरवा ठिपका दिला आणि दहाला पाच कमी असताना अमोलला सांगायचे की बस. अमोल त्याच्या डावीकडे बसायचा. ट्रॅक्टर चिडला की टेबलावर तोंडाचं एक छोटं चित्र पाठवायचा, रडकं. हरला की सुट्टी संपायच्या आधीच उठायचा. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"काकू, ह्यो माझा सासराच हाय," अमोल म्हणायचा. "रोज आहेर घिऊन येतो."

पावसाळा संपता संपता ट्रॅक्टर अकरालाही दिसायला लागला. मग दोनला. मी म्हटलं शिफ्ट बदलली असेल. पण दहा, साडेबारा, तीन या वेळाही तशाच होत्या. म्हणजे माणूस कामावरच होता आणि सुट्टी नसतानाही खेळत होता.

पोकरमध्ये पाळी आली की चित्राभोवती एक गोल रेघ पेटते आणि हळूहळू विझत जाते. ती विझायच्या आत बोट लावायचं. सुट्टीत खेळायचा तेव्हा ट्रॅक्टर लगेच बोट लावायचा, कधी घाईने, कधी विचार करून. अकराच्या खेळात तसं नव्हतं. रेघ दरवेळी जवळजवळ एकाच जागी यायची आणि मग त्याचं बोट लागायचं. पानं कसलीही असोत. मी पीठ मळत बघत होते. हातातलं पीठ तसंच राहिलं. मी मनात मोजायला लागले. पत्रा आत. हात बाहेर. पाय पेडलवर. ठक. तुकडा बाहेर. आणि मग बोट.

नऊ वर्षं मी प्रेसच्या रांगेपासून पंधरा फुटांवर बसून तो आवाज ऐकलेला आहे. जुनी मशीन, पायाच्या पेडलची. नव्या मशीनला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबावी लागतात, हात आत राहूच शकत नाही. पेडलच्या मशीनला हात मोकळे असतात. तेवढंच तिचं वाईट आहे. हा माणूस मोबाइल मालाच्या पेटीला टेकवून ठेवत असणार आणि दोन ठोक्यांच्या मध्ये खेळत असणार.

आमच्या ह्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. बाकीची दोन अशाच मशीनवर गेली. कोणीतरी मागून हाक मारली, मान वळली, पाय पेडलवर होता. हाक मारणाऱ्याला फक्त विचारायचं होतं की डबा आणलाय का.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे आता एका गोडाऊनवर वॉचमन आहेत. भाकरी मोडताना थांबले.

"पेडलची असेल," हे म्हणाले. "हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतं, ते काढून ठेवलं असेल. गार्ड लावून माल निघत नाही तेवढा."

"मग काय करायचं?"

"तू काय करणार? कुठला माणूस, कुठली कंपनी."

दुसऱ्या दिवशी मी सतीशशी बोलले. माझ्या दृष्टीने ते फार मोठं धाडस होतं. तीनदा पाणी नेऊन दिलं त्याला, तिसऱ्यांदा बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"मावशी, तुमाला कसं कळलं मशीनवर आहे ते?"

"मोजून."

"आपण नाही बसलो तर तो थांबणार आहे का? दुसरं कोणी बसंल. आन् चॅटमध्ये काही लिहू नका. आपण टेबलावर बोलत नसतो."

तो नियमही होता. पाहुण्याशी बोलायचं नाही, तो बिचकतो. अमोल जेवायला उठला तेव्हा मी त्याच्या खुर्चीत बसले. लिहायची जागा खाली होती, मराठी अक्षरं येत होती. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, मशीनवर खेळू नका. ट्रॅक्टर धरून चार जणांचं टेबल होतं. ते सगळे वाचणार. अमोलच्या नावाने जाणार. आत सतीशचा आवाज आला आणि मी एकेक अक्षर पुसलं. लिहिण्यापेक्षा पुसायला जास्त वेळ लागला.

मग मला एक उपाय सुचला. वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं केलेलं कामच मी केलं. फ्रिजवरच्या कागदावर ट्रॅक्टरजवळचा हिरवा ठिपका खरवडला आणि लाल दिला. लाल पेटीला कुलूप. त्याला कोणी हात लावणार नाही. निदान आमच्या हातून त्याचा पैसा जाणार नाही, त्याचं मन शांत राहील, कामात लक्ष राहील. असं मला वाटलं.

अमोलने दुपारीच विचारलं. "काकू, माझ्या सासऱ्याला लाल कशापायी?"

"सुधारलाय तो. पुस्तकं वाचून आला असेल."

"त्यो? मला न्हाई वाटत."

"ठिपका कोण देतं?"

"तुमी." तो फ्रिजकडे बघत राहिला. "तुमीच देता, काकू." पण बसला नाही. माझ्या ठिपक्यावर तोपर्यंत कोणी शंका घेतली नव्हती, आणि मी पहिल्यांदाच खोटा ठिपका दिला होता.

आमचा माणूस डावीकडून उठल्यावर ट्रॅक्टर जिंकायला लागला. त्याच्या टेबलावर त्याच्यासारखेच उरले, तिथे कधी हा कधी तो. मी रोज टॅबवर बघायचे. रडकं तोंड बंद झालं, हसरं यायला लागलं. पूर्वी तासाभरात त्याच्याजवळचं संपायचं आणि तो उठून जायचा. आता संपतच नव्हतं. दहाला बसलेला साडेबारापर्यंत बसायचा, जेवून परत बसायचा. रेघ त्याच ठिकाणी यायची आणि बोट लागायचं. मी कणीक मळता मळता त्याच्याबरोबर मोजायचे, आणि माझ्या मनात काय होतं ते खरं सांगायचं तर समाधान होतं. आपण एक माणूस वाचवला. कोणाला सांगितलं नाही, पण चालताना पाठ सरळ व्हायची.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सगळीकडे ओव्हरटाइम चालू. साडेअकरा झाले असतील. ट्रॅक्टरने पैसे वाढवले, समोरच्याने त्याच्यावर वाढवले, पाळी परत ट्रॅक्टरकडे आली. मध्ये बराच पैसा होता. रेघ नेहमीच्या जागी आली. मी मनात ठक म्हटलं. बोट लागलं नाही. रेघ पुढे सरकली. अर्धी झाली, पाव झाली, विझली. त्याची पानं आपोआप सुटली. दुसरा डाव आला, त्याचीही रेघ तशीच पूर्ण जळून गेली. मग चित्र करडं झालं. ट्रॅक्टर तिथेच होता, त्याचे पैसे त्याच्यासमोर होते, माणूस नव्हता.

मी वाट बघितली. मोबाइलची बॅटरी संपली असेल. साहेब आला असेल. साहेबाने मोबाइल हिसकावला असेल तर फारच चांगलं. थोड्या वेळाने त्याला टेबलावरून उठवलं गेलं, तसा नियमच असतो, आणि ती जागा रिकामी झाली. अमोल माझ्या मागे उभा होता.

"जागा झाली का, काकू? त्या बुलेटवाल्याच्या डावीकडंच हाय की ती. बसू?"

मी टॅबवरची वेळ बघितली. तो बसला.

साडेबाराला ट्रॅक्टर आला नाही. तीनला आला नाही. दुसऱ्या दिवशी दहाला मी गॅस बंद करून टॅब घेऊन बसले. दहा मिनिटं गेली. उन्हाळ्यापासून एकही चहाची सुट्टी त्याने चुकवली नव्हती.

ज्या दवाखान्यात ह्यांचा हात नेला होता तिथे मी तिसऱ्या दिवशी गेले. घरी कासारवाडीला बहिणीकडे जाते सांगितलं. त्या दवाखान्यात हातांचा वार्ड वेगळा नाही, पण असल्यासारखाच आहे. बाहेरच्या बाकावर तिघंजण बसले होते, तिघांचेही हात पट्टीत. एक वयस्कर, एक परप्रांतातला, आणि एक तिशीचा, कपाळावर टोपीचा वळ असलेला. शेजारी त्याची बायको, तिच्या हातात त्याचा मोबाइल. तो तिला सांगत होता, "दादाला फोन लाव. नको, राहू दे. त्याला काय सांगणार?"

मी समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. विचारायचं एवढंच होतं की तुम्ही चहाच्या सुट्टीत मोबाइलवर पत्ते खेळता का. बाईने दोनदा माझ्याकडे बघितलं. शेवटी तीच म्हणाली, "कुणाला शोधताय, मावशी?"

मी म्हटलं, "नाही, चुकून आले." आणि पायऱ्या उतरले.

तो असेल किंवा नसेल. या पट्ट्यात हात असा एकाचाच जात नाही.

रात्रीपर्यंत मी थांबू शकले नाही. हे ड्युटीला निघताना मी ठिपक्याचं सांगितलं. लाल का दिला, मग काय झालं, सगळं. ह्यांनी चपला घातल्या होत्या, ते दारातच उभे राहिले. हे कधी मला टाकून बोलत नाहीत. विचार करून म्हणाले, "हरला असता तर मोबाइल खिशात गेला असता गं."

एवढंच बोलले आणि गेले. डबा विसरले होते.

मी ते तोपर्यंत उलटं बघत होते. अमोल डावीकडे बसायचा तेव्हा तो माणूस लवकर हरायचा, लवकर उठायचा आणि दोन्ही हातांनी कामाला लागायचा. मी त्याच्या शेजारची वाईट जागा रिकामी केली आणि त्याला मशीनसमोर तासन्‌तास मोबाइलवर बसवून ठेवलं. चारशे चित्रांतला एकच ठिपका मी दया म्हणून दिला होता.

नंतरही मी काही महिने तिथे काम केलं. नोकरी सोडायला कारण सांगावं लागतं, ते मला सांगता आलं नसतं. मग सरकारने पैशाचे असले खेळ बंदच केले. एका दिवसात टेबलांची यादी रिकामी झाली. सतीशने सगळ्यांना पूर्ण पगार दिला, कॉम्प्युटर विकले आणि गावी गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखा डोळा म्या बघितला नाही." फ्रिजवरचा कागद मी काढला. गोंद राहिला होता तो गरम पाण्याने पुसला. अमोल आता एका कंपनीत लागलाय, परवा कुरुळी फाट्यावर बसची वाट बघताना भेटला. मी मशीन कसली आहे विचारलं. "बटणाची हाय, काकू, दोन हातांची," तो म्हणाला, आणि मी एवढं का विचारलं ते त्याला कळलं नाही.

आमच्या खोलीच्या मागे नाल्यापलीकडे एक छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याचं. तिथे पेडलची एक मशीन दिवसभर चालते. पूर्वी ती मला ऐकू येत नव्हती, सवयीने. आता येते. मी भांडी घासत असले तरी मोजते. पत्रा आत, हात बाहेर, पाय पेडलवर, ठक. कधीकधी ठक नंतर पुढचा ठक येत नाही. तेव्हा मी चहाची वेळ झाली असेल म्हणते, आणि घड्याळाकडे बघत नाही.